बिनशिडीचा मनोरा

मूल लहान असतां त्यास जपावें, हें कोणत्याही आईबापांस शिकवावें लागत नाहीं. परंतु तेंच मूल वाढूं लागलें म्हणजे त्यास हळूहळू सोडावें कसें, ही विद्या प्रत्येकास नव्यानें शिकावी लागते. व ती शिकण्यास पुष्कळांस फार उशीर होतो. 'तळहातावरील फोडाप्रमाणें जपणें' हा वाक्प्रचार आपण मोठ्या कौतुकानें वापरतों. पण फोड हा कांहीं जन्मभर जपण्याचा पदार्थ नव्हे. तो बरा व्हावा व त्या हातानें पुन्हा काम करावें, एवढ्याचसाठीं त्यास जपावयाचें असतें.

या विषयाचा विचार करण्यास एक जुनी परीकथा फार उपयोगी पडते. आणि ती वाचण्यापेक्षां ऐकण्यांत अधिक गोडी आहे. वाचावयाच्या पुस्तकांबरोबर ऐकावयाचीं पुस्तकें आतां घरोघर झालीं आहेत. इंग्लंडांत १९३५ सालीं अंधांकरितां ध्वनिमुद्रिकांवर अशीं 'बोलतीं पुस्तकें' निघालीं; आज डोळस मुलेंही तीं भ्रमणध्वनीवर ऐकतात. २००५ सालीं सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमांत तर स्वयंसेवक वाचक, स्वामित्वहक्क संपलेलीं पुस्तकें मोबदला न घेतां वाचून ध्वनिमुद्रित करितात, आणि तीं कोणासही फुकट ऐकावयास मिळतात. ग्रिम बंधूंच्या परीकथांचें इंग्रजी भाषांतर त्यांत आहे, आणि त्या परीकथांत 'रापुन्झेल' ही गोष्ट आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती ऐकावी, व पालकांनीं त्यांच्या शेजारीं बसून एकदां तरी ऐकावी, असें आम्हांस वाटतें. कां वाटतें, तें सांगण्याचा येथें हेतु आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. एका जोडप्यास फार दिवसांनीं अपत्याची आशा लागली. बाईस शेजारच्या चेटकिणीच्या बागेंतील रापुन्झेल नांवाच्या पालेभाजीचे डोहाळे लागले, आणि ती मिळेना म्हणून ती झुरूं लागली. नवरा भिंत ओलांडून भाजी चोरून आणूं लागला व दुसऱ्या खेपेस पकडला गेला. होणारें मूल आपणांस द्यावें, आपण त्याचा आईप्रमाणें संभाळ करूं, अशा अटीवर चेटकिणीनें त्यास सोडलें. मुलगी झाली, त्या भाजीवरूनच तिचें नांव ठेवून चेटकीण तिला घेऊन गेली. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हां चेटकिणीनें तिला अरण्यांतील एका उंच मनोऱ्यांत ठेविलें. त्या मनोऱ्यास दार नव्हतें, जिना नव्हता. अगदीं वर एक लहानशी खिडकी तेवढी होती. चेटकीण आली म्हणजे खालून हांक मारी. मुलगी आपले लांबच लांब केस खिडकींतून खालीं सोडी, आणि त्या केसांस धरून चेटकीण वर चढे.

पुढें एका राजपुत्रानें त्या मुलीचें गाणें ऐकलें. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यानें तिला पाहिलें नव्हतें. तो नुसता ऐकण्याकरितां रोज त्या अरण्यांत येई. मग एके दिवशीं केसांची ती युक्ति पाहून तो वर गेला. दोघांनीं ठरविलें कीं, त्यानें दर खेपेस रेशमाची एक लड आणावी व तिनें त्याची शिडी विणावी. पण शिडी पुरी होण्यापूर्वींच मुलीच्या तोंडून गुपित फुटलें. चेटकिणीनें तिचे केस कापले, तिला ओसाड रानांत नेऊन सोडलें. राजपुत्रानें मनोऱ्यावरून खालीं उडी टाकली व कांट्यांनीं त्याचे डोळे गेले. कित्येक वर्षें भटकल्यावर पुन्हा तिचाच आवाज त्याच्या कानीं आला, आणि तिच्या अश्रूंनीं त्यास दृष्टि परत मिळाली.

मुलें ही गोष्ट ऐकतात तेव्हां चेटकिणीचा त्यांस राग येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पालकांनीं थोडें थांबून विचार करावा. या चेटकिणीनें मुलीला मारल्याचें किंवा उपाशी ठेविल्याचें गोष्टींत कोठेंही नाहीं. ती रोज येते, चौकशी करिते, आणि जगाचें वारें मुलीस लागूं देत नाहीं. आपल्या नित्याच्या भाषेंत बोलावयाचें तर ती मुलीला फार जपते. तिचा राग अनावर होतो तो मुलीनें एक गोष्ट तिला न विचारतां केली म्हणून. वाचणाऱ्यानें या चेटकिणीचा आवाज कर्कश न काढतां मायाळू काढला, तर ती ओळखीची वाटूं लागते. आणि ऐकावयाच्या पुस्तकाची खरी शक्ति येथेंच आहे. छापील अक्षरांत जी चेटकीण परकी वाटते, ती आवाजांत कधीं कधीं आपल्याच घरांतील वाटते.

या कथेंतील केसांची गोष्ट तर फारच मार्मिक आहे. जपणारी जी बाई, ती रोज वर चढते कशाच्या आधारानें? जिला जपावयाचें तिच्याच केसांच्या आधारानें. सगळा भार त्या मुलीच्या मस्तकावर. अति जपणुकीचा स्वभावच हा आहे. आईबाप समजतात कीं, मुलाचें ओझें आपण वाहतों. पण त्यांच्या भीतीचें ओझें मूल वाहत असतें. 'तूं उशीरा आलास तर मला घोर लागतो' हें वाक्य रोज ऐकणारा मुलगा पुढें पुढें सहलीस जावयाचें सोडतो. त्याला सहल नको असते म्हणून नव्हे, तर आईचा घोर त्यास नकोसा होतो म्हणून.

ही कथा ग्रिम बंधूंच्याही पूर्वींची आहे, आणि तिच्या जुन्या रूपांकडे पाहिलें तर नवलाची एक गोष्ट ध्यानीं येते. इटलींतील नेपल्सच्या जांबातिस्ता बाझीले या लेखकाच्या १६३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहांत हीच नायिका 'पेत्रोसिनेल्ला' या नांवानें येते. ती स्वतः पळून जाण्याचा बेत करिते, दोराच्या शिडीनें खालीं उतरते, आणि पाठलाग करणाऱ्या राक्षसिणीपुढें मंतरलेलीं फळें टाकून आपला व आपल्या सोबत्याचा बचाव करिते. पुढें १६९८ सालीं द ला फोर्स या फ्रेंच लेखिकेनें हीच कथा 'पेर्सिनेत' या नांवानें लिहिली. तींत मुलीला कोंडणारी एक परी आहे. आणि मुलीच्या नशिबींचें संकट टळावें म्हणून ती तिला चांदीच्या मनोऱ्यांत सर्व सुखसोयींसह ठेविते. म्हणजे हेतु चांगला, मनोरा चांदीचा. पण मनोरा तो मनोराच. १७९० सालीं ही कथा जर्मन भाषेंत उतरली व तेथून ती ग्रिम बंधूंच्या हातीं आली. बाझीलेची शूर व युक्तिबाज मुलगी तोंपर्यंत रडणारी व वाट पाहणारी झाली होती.

याहूनही बोधप्रद हकीकत ग्रिम बंधूंच्या आवृत्त्यांची आहे. १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तींत नायिका अजाणतेपणीं चेटकिणीस असा एक प्रश्न विचारते कीं, त्यावरून ती आई होणार हें चेटकिणीस कळून येतें. मुलांच्या पुस्तकांत हें नसावें असा आक्षेप निघाला, आणि पुढील आवृत्त्यांत तें वाक्य बदलण्यांत आलें. नव्या आवृत्तींत नायिका चेटकिणीला विचारते कीं, राजपुत्रापेक्षां तुला वर ओढावयास इतकें जड कां जातें? परिणाम काय झाला? पहिल्या आवृत्तींतील मुलगी भाबडी होती. दुसरींतील मुलगी खुळी झाली. वाचक मुलांना जपण्याच्या भरांत संपादकानें नायिकेची अक्कल काढून घेतली! मुलांपासून जग झांकून ठेवावयास गेलें कीं, बहुधा असेंच होतें. जग झांकलें जात नाहीं. मुलाची समज मात्र खुंटते.

आपल्या महाभारतांत हीच शिकवण दुसऱ्या रीतीनें आली आहे. सात दिवसांच्या आंत तक्षक दंश करील असा शाप परीक्षित राजास मिळाला, तेव्हां त्याच्या रक्षणार्थ एकाच खांबावर उभारलेला प्रासाद बांधविण्यांत आला. भोंवतीं पहारे बसले. वैद्य, औषधें व मांत्रिक यांची तजवीज झाली. वाऱ्यालाही मज्जाव होता म्हणतात. परंतु तक्षक आला तो फळाच्या पोटांतील एका लहानशा किड्याच्या रूपानें. आणि राजानें तो किडा आपल्याच हातानें मानेवर ठेविला. ज्या संकटास भिंत अडवूं शकते त्यासाठीं भिंत जरूर घालावी. पण कांहीं संकटें फळाबरोबर आंत येतात, आणि तीं ओळखण्याचें काम पहारेकऱ्याचें नसून ज्याच्या हातीं फळ आहे त्याचें असतें. आज मुलाच्या खोलीचें दार बंद असतांही सारें जग त्याच्या हातांतील काचेच्या पट्टींतून आंत येतें. दारावर पहारा ठेवून तेथें काय साधणार?

आतां आपल्या घरांकडे वळूं. हल्लींचे मनोरे दगडाचे नसतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचें दप्तर आई भरते. वही राहिली तर वडील कचेरींतून रजा काढून ती शाळेंत आणून देतात. गृहपाठ काय दिला आहे हें मुलानें वर्गांत टिपून घेण्याचें कारणच उरत नाहीं, कारण संध्याकाळीं आई तें पालकांच्या व्हॉट्सॲप-समूहावर विचारून घेते. दोन मुलांचें मैदानावर भांडण झालें तर तें रात्रीं दोन आयांमध्यें चालूं राहतें, आणि तोंपर्यंत मुलें तें विसरूनही गेलेलीं असतात. या प्रत्येक गोष्टींत प्रेम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण प्रत्येक वेळीं मनोऱ्याची एक पायरी मात्र काढून घेतली जाते.

यावर पालक म्हणतील, 'तुम्हांस लिहावयास काय जातें? रस्त्यावरील वाहनें पाहा, वर्तमानपत्रांतील बातम्या पाहा.' हा आक्षेप खरा आहे, व त्यास हंसून उत्तर देणें योग्य होणार नाहीं. मुलांना अपाय करणारीं माणसें जगांत आहेत, म्हणूनच २०१२ सालीं बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशांत करावा लागला. परंतु यावरून निघणारें अनुमान मनोऱ्याचें नाहीं. रापुन्झेलला जगाची कोणतीच माहिती कोणीं दिली नव्हती. म्हणून काय बोलावें, काय बोलूं नये, कोणावर विश्वास ठेवावा, हें तिला समजलें नाहीं. ज्या मुलास धोका म्हणजे काय हें स्पष्ट व सौम्य शब्दांत सांगितलें आहे, 'नाहीं' म्हणावयास शिकविलें आहे, संकटांत १०९८ या क्रमांकावर मदत मागतां येते हें ज्याला ठाऊक आहे, आणि घरीं येऊन कांहींही सांगितलें तरी आपणांस रागें भरणार नाहींत अशी ज्याची खात्री आहे, तें मूल उंच भिंतीआडच्या अजाण मुलापेक्षां अधिक सुरक्षित असतें.

मुलींच्या बाबतींत तर अधिक सावधपणें बोललें पाहिजे. एकाच घरांत बारा वर्षांचा भाऊ सायकलीवरून गांवभर फिरतो, आणि त्याच वयाची बहीण कोपऱ्यावरील दुकानापर्यंतही एकटी जात नाहीं. कारण विचारलें तर 'काळजी' हेंच उत्तर मिळतें. पण त्या भावाचाही एक मनोरा असतोच. त्याला भात लावतां येत नाहीं, स्वतःचा सदरा धुतां येत नाहीं, पानावरून उठल्यावर ताट उचलावें हें ठाऊक नसतें. बहिणीला बाहेरचें जग बंद, भावाला घरांतील काम बंद. दोघेंही अर्धींच वाढतात. स्वावलंबन शिकवावयाचें तर तें दोघांनाही पुरतें शिकविलें पाहिजे.

रापुन्झेल बारा वर्षांची झाली तेव्हां मनोऱ्यांत गेली, हें वर आलेंच आहे. याच वयाची दुसरी एक कथा लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे, व ती आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. येशू बारा वर्षांचा असतां आईबापांबरोबर वल्हांडण सणासाठीं यरुशलेमास गेला. परततांना तो मागें राहिला, हें त्यांच्या लक्षांत आलें नाहीं. तो सोबतच्या मंडळींत असेल असें समजून तीं एक दिवसाची वाट चालून गेलीं. मग शोध सुरू झाला, आणि तीन दिवसांनंतर तो मंदिरांत सांपडला. गुरुजनांमध्यें बसून तो त्यांचें ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. आईला केवढी चिंता लागली होती हें त्या माउलीनें बोलून दाखविलें. पण या प्रसंगानंतर त्यास कोंडून ठेविल्याचें आपण वाचीत नाहीं. तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. आणि मरीयेनें या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणांत सांठवून ठेविल्या.

या कथेंत तीन गोष्टी आहेत, व तिन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, त्या आईबापांस एक दिवसभर निर्धास्तपणें चालतां आलें, कारण भोंवतीं आप्त व ओळखीचे लोक होते. मुलाचें स्वातंत्र्य शेजारधर्मावर उभें असतें. वाण्यास, बसच्या वाहकास, शेजारच्या आजोबांस आपलीं मुलें नांवानिशीं ठाऊक असतील, तर एकटें जाणारें मूल खरोखर एकटें नसतेंच. दुसरी, चिंता होणें हा दोष नव्हे. आईनें ती बोलून दाखवावी, पण तिचा मनोरा बांधूं नये. तिसरी विद्यार्थ्यांसाठीं: ज्याला आपलें कार्य कळलें तोही घरीं परत गेला व आज्ञेंत राहिला. स्वातंत्र्य आणि आज्ञापालन हीं एकमेकांचीं वैरी नाहींत.

आपल्या मराठी वाङ्मयांतही अशी एक आई आहे. साने गुरुजींच्या १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई' या पुस्तकांत पोहण्याचा प्रसंग आहे. श्याम पाण्यास भितो, पोहावयास जाणें टाळण्यासाठीं लपून बसतो. आणि ती अत्यंत कोमल मनाची आई त्यास बाहेर काढून विहिरीकडे धाडते. तिच्या छडीचें समर्थन आजच्या काळांत कोणी करणार नाहीं, आम्हीही करीत नाहीं. पण तिचा निर्धार पाहण्यासारखा आहे. आपल्या मुलानें भित्रें राहूं नये, म्हणून पोटांतील कालवाकालव तिनें सोसली. तिनें त्याला एकट्यास पाण्यांत लोटलें नाहीं, हेंही विसरूं नये. विहिरीवर शिकविणारीं माणसें होतीं. धाडणें आणि टाकून देणें यांत हाच फरक आहे.

मग आईबापांनीं करावें काय? त्या कथेंतच उत्तर आहे: रेशमाची एक एक लड. शिडी एका दिवसांत होत नाहीं, व अपुऱ्या शिडीवरून उतरणारा पडतो. आज मुलानें स्वतःचें दप्तर भरावें. विसरला तर वर्गांत बोलणीं खावीं, वही घेऊन धांवूं नये. पुढच्या महिन्यांत त्यानें एकट्यानें टपालकचेरींत जाऊन यावें. मग एस. टी.चें तिकीट काढून मावशीच्या गांवीं जावें. पहिल्या खेपेस कोणीं त्याच बसमध्यें मागें बसावें, दुसऱ्या खेपेस बसूं नये. प्रत्येक पायरीवर 'आतां हें तुझ्याकडे' असें स्पष्ट सांगावें, आणि दिलेलें काम परत हिसकावून घेऊं नये. चूक होईल, पैसे हरवतील, भात करपेल. करपलेल्या भातापासून मुलगी जें शिकेल तें आईच्या शंभर सूचनांपासून शिकणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुम्हांस. ही गोष्ट ऐकून 'आमच्या घरींही एक मनोरा आहे' असें म्हणण्याचा मोह तुम्हांस होईल. पण रापुन्झेलची शिडी कां मोडली, तें पाहा. ती चोरून विणली जात होती. तिला दुसरा मार्गच नव्हता, तुम्हांस आहे. कोठें जातों, कोणाबरोबर जातों, केव्हां येणार, हें सांगून जा, आणि सांगितल्या वेळीं परत या. शब्द पाळणाऱ्या मुलाची दोरी आईबाप आपण होऊन सैल सोडतात. आणि अधिकार मागण्यापूर्वीं एखादें काम मागून घ्या. पहांटे स्वतः उठणाऱ्या मुलानें रात्रीं नऊपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी मागितली तर ती शोभते. तीन हांका मारल्याशिवाय अंथरूण न सोडणाऱ्यानें मागितली तर घरांत हंशा होतो.

शेवटीं पुन्हा त्या ऐकावयाच्या पुस्तकाविषयीं. कित्येक पालक विचारतात कीं, त्यांतील डोळे फुटण्याचा, रानांत सोडण्याचा भाग मुलांस ऐकवावा काय? आमचें मत असें कीं, ऐकवावा. वयानुसार जवळ बसून ऐकवावा, पण गाळूं नये. ज्या मुलानें गोष्टींतील अंधार ओलांडला आहे, त्याला पुढें खऱ्या अंधारांत वाट चांचपडतां येते. आणि गोष्ट संपल्यावर लगेच तात्पर्य विचारूं नये. मुलाला गप्प बसूं द्यावें. तें जें मनांत म्हणेल तें त्याचें स्वतःचें असेल, आणि स्वतःचें मन असणें ही स्वावलंबनाची पहिली पायरी आहे.

आईबापांच्या हातांत दगडही आहेत व रेशीमही आहे. मूल पाळण्यांत असतांना भिंत बांधावी. तेव्हां तिची गरज असते. परंतु मूल बारा वर्षांचें झालें म्हणजे त्याच हातांनीं शिडी विणावयास बसावें, आणि मुलालाही शेजारीं बसवून घ्यावें. मग जगांत उतरलेलें तें मूल घरचा रस्ता विसरणार नाहीं. कारण ज्या शिडीनें तें खालीं गेलें, तीच पुन्हा वर येण्यासही उपयोगी पडते.